सुग्रीवच्या नावापुढची जागा

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. पटलं तर पटलं, नाहीतर खाली सरका आणि दुसरी गोष्ट वाचा. मला काही फरक पडत नाही.

खोटं बोलले. पडतो. म्हणून तर लिहायला बसलेय.

मी राजेश्री. परभणीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. आम्ही ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी एक अ‍ॅप बनवलंय. कुठली जोडी कुठल्या फडात आहे, कोणाचा ट्रॅक्टर भरून गेला, हे सगळं त्यात दिसतं. त्यातले बग शोधणं हे माझं काम. माझं पोटच बगवर भरतं म्हणा ना.

त्यामुळं कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी आधी विचारायचे, "लाइट होती का? जेवला होतात का?" आता मला कोणी असं विचारलं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन.

घटना यंदाच्या भोगीची. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची. जागा, पूर्णा नदीच्या काठावरचा एक उसाचा फड. पूर्णा जंक्शनपासून फार लांब नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथं अजून माणसं राहतात.

आधी दादाबद्दल सांगते.

सुग्रीव माझा थोरला भाऊ. आमचं घर येलदरीकडच्या एका वाडीत. दरवर्षी दिवाळी झाली की दादा आणि कोकिळावहिनी ऊसतोडीला निघायचे. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत नेते. एकटा माणूस आला तर त्याला म्हणतात अर्धा कोयता.

मागच्या हंगामात, त्याच नदीकाठच्या फडात वहिनी गेली.

दिवस मावळताना ती वाढे आणायला, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करायला, उभ्या उसात शिरली. घोणस चावली. तिनं हाका मारल्या असणार. पण ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी चालू होती आणि दादा वर चढून ऊस रचत होता.

त्याला ऐकू आलं नाही.

माझं शिक्षण थांबवून लग्न लावायचं ठरलं होतं तेव्हा घरात माझ्या बाजूनं भांडणारी ती एकटी होती. मी तिच्यासाठी किती रडले ते लिहीत नाही. दादा मात्र रडलाच नाही. तो नुसता गप्प झाला.

यंदा दिवाळीनंतर तो पुन्हा निघाला. माझी आई, आम्ही तिला माय म्हणतो, दारात आडवी बसली. तरी थांबला नाही.

"घरी बसून काय करू, माय? तिथं तरी जरा बरं वाटंल."

टोळीचा मुकादम बन्सीधर आमच्याच गावचा. त्यानं दादाला अर्धा कोयता म्हणून घेतलं. आणि अ‍ॅपमध्ये टोळ्यांची नावं भरणारी मी. सुग्रीवच्या नावापुढं, बायकोच्या रकान्यात, "कोकिळा" लिहिलेलं होतं. ते मी माझ्या हातानं पुसलं. जागा रिकामी सोडली.

पौष लागला आणि एका दुपारी मला पंचफुलाचा फोन आला. पंचफुला त्याच टोळीतली, रंगनाथची बायको. वहिनीची जवळची मैत्रीण. तोंडाची लय बोलकी, मला "मॅडमबाई" म्हणून चिडवायची.

"मॅडमबाई, तुमचं ॲप येडं झालं का?"

"काय झालं?"

"सुग्रीवभाऊच्या नावापुढं कोकिळाचं नाव यायलंय."

मी अ‍ॅप उघडलं.

सुग्रीव... कोकिळा.

बंद करून परत उघडलं. तेच. पण मी धंद्यानं बगवाली. लगेच मूळ डेटाबेस उघडला. तिथं ती जागा रिकामीच होती. म्हणजे गडबड मधे कुठंतरी होती.

तासाभरात सापडलीही.

डेटाबेसमधून माहिती उचलून आमच्या प्रोग्रामला आणून देणारा एक मधला प्रोग्राम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो माहिती आणतो, आणि त्या माहितीबद्दलही सांगतो. रकाने किती, कुठला रकाना रिकामा असू शकतो, कुठला नाही. आम्ही त्याचं नवं व्हर्जन टाकलं होतं, आणि त्यात बग होता. प्रत्येक रकान्याबद्दल तो एकच सांगत होता, हा कधीच रिकामा नसतो.

त्यामुळं आमचा प्रोग्राम जागा रिकामी आहे का, हे बघतच नव्हता. आधीच्या ओळीतलं जे नाव हातात उरलं असेल, तेच पुढच्या रिकाम्या जागी टेकवत होता. न धुतलेल्या ताटात पुढच्या माणसाला वाढावं, तसं.

मला इतकं हलकं वाटलं की मी मायला फोन करून सांगितलं, "काही न्हाई गं, ड्रायव्हर चुकीचं सांगायलाय."

"पिऊन आला असंल मेला," माय म्हणाली.

मी खूप दिवसांनी हसले.

हसता हसता थांबले.

आधीच्या ओळीतलं नाव... पण दादाच्या आधीची ओळ सूर्यभानची होती. त्याच्या बायकोचं नाव गोदावरी. या बगप्रमाणं दादाच्या नावापुढं गोदावरी दिसायला हवं होतं.

मी बाकीच्या टोळ्या बघितल्या. जिथं जिथं एकटा माणूस होता, तिथं वरच्याच्या बायकोचं नाव उतरलं होतं. अगदी नियमानं. फक्त एका ठिकाणी नाही.

कोकिळा हे नाव तर मी हंगामाच्या आधीच सगळीकडून काढलं होतं. ते कोणाच्याच ओळीत नव्हतं. मग ते आलं कुठून?

मी ड्रायव्हरचं जुनं व्हर्जन परत टाकलं. सगळ्या टोळ्यांमधल्या रिकाम्या जागा रिकाम्या दिसायला लागल्या.

दादाची नाही.

मग मी फक्त तेवढ्या एका जागेबद्दल ड्रायव्हरला विचारलं, ही जागा रिकामी आहे का?

उत्तर आलं... नाही.

पुन्हा विचारलं.

नाही.

ऑफिसात भर दुपार होती. बाजूच्या टेबलावर चहा आला होता, कोणीतरी मॅचबद्दल बोलत होतं. मी मात्र तोच प्रश्न पुन्हा पुन्हा टाइप करत होते.

मी दादाला फोन लावला. वर्षभर फोनवर त्याच्या तोंडून "हूं" आणि "बरं" याशिवाय काही निघालं नव्हतं. त्या दिवशी तो चक्क बोलत होता.

"राजे! कशी हायेस? जेवलीस का?"

"दादा, एकट्यानं लय काम ओढू नको."

तो हसला. "एकटा कुठं हाय मी?"

मी पंचफुलाला फोन लावला आणि म्हटलं, खरं काय ते सांग. ती आधी आढेवेढे घ्यायला लागली. मग आवाज खाली आणून बोलायला लागली.

"कोणाला बोलू नका, मॅडमबाई. तुमच्या भावाच्या मोळ्या... त्या तो बांधीत न्हाई. तो नुसता तोडायलाय. मागं वळून बघावं तर मोळ्या बांधून तयार. आन् गाठ डावी हाय."

डावी गाठ. मोळी वाढ्यांनी बांधतात, त्यांना पीळ देऊन. सगळ्या बाया उजवा पीळ देतात. अख्ख्या टोळीत डावखुरी एकच होती.

"मुकादम काय म्हणतो?"

"मुकादम काय म्हणंल? त्याचा ट्रॅक्टर भरायलाय. पर भाऊचं अंग बघवंना. खाईना, पिईना. आन् ती सरली तो फड आता तोडीला आलाय. भाऊ म्हणतो, तो फड मी एकटाच तोडणार. कोणी मधी यायचं न्हाई."

त्या क्षणी मला स्वच्छ कळलं. त्या फडाच्या दुसऱ्या टोकाला माझा भाऊ जिवंत निघणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी भोगी. मायनं पहाटेच तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी करून परभणीच्या एसटीत ड्रायव्हरजवळ दिली होती. "त्याच्या हातात दे आन् त्याला घिऊनच ये," एवढंच तिनं फोनवर सांगितलं. डबा घेऊन मी पूर्णेकडची गाडी पकडली. वाटेत मी दहादा अ‍ॅप उघडलं असेल. दहाही वेळा तेच. ती जागा पुसायची, सेव्ह करायची, परत बघायचं... कोकिळा.

टोळीच्या कोप्यांजवळ, म्हणजे झोपड्यांजवळ, पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बन्सीधर समोर आला. एरवी सगळ्यांवर ओरडणारा माणूस, त्या दिवशी माझ्याकडं बघत नव्हता.

"सकाळपसून आतच हाय तो," तो म्हणाला. "मी दोनदा गेलो. परत आलो."

"का?"

त्यानं नुसतं फडाकडं बोट दाखवलं. रंगनाथ आणि पंचफुला माझ्यासोबत बांधापर्यंत आले. पुढं यायला रंगनाथनं नकार दिला. पंचफुला यायला निघाली, पण मीच तिला थांबवलं. तिची लेकरं तिच्या लुगड्याला धरून उभी होती.

मी एकटी आत शिरले.

बाहेर अजून तांबडं ऊन होतं. उसाच्या आत अंधारून आलं होतं.

"दादा!"

खच्च... खच्च... कोयत्याचा आवाज येत होता. मी त्या दिशेनं गेले.

आणि मग दुसरा आवाज आला. पाचटावरून, उसाच्या वाळल्या पानांवरून, कोणीतरी चालत होतं. कुरकुर... कुरकुर. कोयत्याचा आवाज थांबला नव्हता. म्हणजे चालणारा दादा नव्हता.

तोडलेल्या जागेत तो मला दिसला. वाकून तोडत होता. शर्ट खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता. त्याच्या मागं मोळ्या पडल्या होत्या. मी बघत होते तोवर तिथं काहीच हललं नाही. एकदा पापणी मिटून उघडली...

एक मोळी वाढली होती.

मी ओरडत धावले आणि त्याचा हात धरला. हात तापानं भाजत होता.

"दादा, घरी चल. माय वाट बघायलीय."

"एवढा फड झाला की येतो, राजे. ती म्हणायलीय एवढाच राह्यलाय."

"आन् मग?"

"मग ती न्हील तिकडं."

तो हे इतकं साधं बोलला, बाजारला जायचं असावं तसं. मला रडू फुटलं. मी त्याला मारलंसुद्धा, दंडावर, पाठीवर. तो हलला नाही. मग त्याला माझ्या हातातला मोबाईल दिसला, आणि तो एकदम खाली बसला. माझ्या थोरल्या भावानं माझे पाय धरले.

"तिचं नाव काढू नको, राजे. मागच्या बारी तिनं हाका मारल्या आन् मला ऐकू आल्या न्हाईत. आता यायल्यात ऐकू. आता कसा सोडू तिला?"

वहिनी, तुझ्यावर माझा इतका जीव होता. पण त्या क्षणी मला फक्त माझा भाऊ हवा होता. अर्धा, मोडका, कसाही. पण जिवंत.

ती जागा पुसून रिकामी होत नव्हती. मग पुसायची कशाला? भरायची.

टोळीत कधीकधी बहीण-भावाचाही कोयता असतो. बायको आजारी पडली, बाळंत झाली, तर घरातली दुसरी बाई जोडीला येते. त्यात वेगळं काही नाही. मी अ‍ॅप उघडलं. सुग्रीवच्या नावापुढं टाइप केलं, राजेश्री. आणि सेव्ह दाबलं.

रेंजची एकच काडी होती. स्क्रीनवर गोल फिरायला लागला.

फिरत राहिला...

पाचटावरचा आवाज जवळ आला. माझ्या मागं. अगदी पाठीशी. आणि थांबला.

मी वळले नाही.

"राजे..."

आवाज तोच होता. रागाचा नव्हता. राग असता तर सोसला असता. घाबरलेल्या बाईचा आवाज होता तो.

"राजे... मग मी कुठं जाऊ?"

खाली 'रद्द करा' असं बटण होतं. माझा अंगठा त्याच्या अगदी जवळ होता.

मी दाबलं नाही.

गोल थांबला. सेव्ह झालं.

दादाच्या हातातला कोयता गळून पडला, आणि तो आहे तिथं आडवा झाला. मी किंचाळले. रंगनाथ आणि बन्सीधर धावत आत आले. त्याला उचलून कोपीपाशी आणलं, पंचफुलानं त्याच्या तोंडाला पाणी लावलं. ट्रॅक्टरनं रस्त्यापर्यंत, तिथून जीपनं परभणीला दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

तो वाचला.

आम्ही त्याला वाडीत आणलं. मीही सुट्टी टाकून घरी राहिले. माय त्याला लहान लेकरासारखं भरवायची. तो खायचा, झोपायचा, छताकडं बघत पडायचा. मोबाईलमध्ये मी रोज बघायचे. सुग्रीव, राजेश्री. ठीक होतं. जे केलं ते बरोबरच केलं, असं मी स्वतःला सांगायचे. "मग मी कुठं जाऊ" हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग रंगनाथचा फोन आला.

गडी माणूस, हुंदके देत होता.

"ताई, पंचफुला मला वळखंना. सकाळी उठली आन् मला म्हणायली, 'आमचे हे कुठं गेले?' मी म्हणलं, अगं मी हितंच हाय की. तर तिनं माझ्यासमोर पदर खाली ओढला. परक्या माणसासमोर घेत्यात तसा. लेकरं रडायलीत, त्यांना जवळ घिना. म्हणती, 'ही कोणाची लेकरं?'"

फोन चालू ठेवूनच मी अ‍ॅप उघडलं. दादाच्या खालची ओळ रंगनाथची.

रंगनाथ... कोकिळा.

रिकाम्या जागी वरचं नाव उतरतं, हे मी समजू शकते. पण ती जागा रिकामी नव्हती. तिथं एक जिवंत बाई होती. डेटाबेसमध्ये अजूनही पंचफुला असंच लिहिलेलं आहे. ड्रायव्हरचं कुठलंही व्हर्जन लावा, येतं मात्र कोकिळा.

मी वेड्यासारखी कामाला लागले. ती ओळ काढून टाकली, नवी केली. ओळींचा क्रम बदलला. टोळीच वेगळी केली. शेवटी माझं नाव काढून दादापुढं पुन्हा "कोकिळा" लिहिलं. हो, लिहिलं. रंगनाथची लेकरं फोनवर रडताना ऐकू येत होती, म्हणून लिहिलं. काही उपयोग नाही. दादापुढं माझंच नाव दिसतं. ते आता पुसलं जात नाही.

पंचफुलाला तिच्या माहेरी नेलंय, झरीच्या जवळ. ती दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडं बघते म्हणे. कोणाला त्रास देत नाही. फक्त रंगनाथ समोर आला की आत निघून जाते.

हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. दादाला तर मुळीच नाही. त्याच्याकडं मोबाईलही नाही, तो मी काढून घेतलाय.

आज सकाळी तो आपणहून उठला. अंघोळ केली, दाढी केली. धुतलेला शर्ट घातला. माय आनंदानं वेडी झाली.

"बघ गं, माझं लेकरू माणसात आलं!"

"कुठं निघालास, दादा?" मी विचारलं.

"झरीला जाऊन येतो."

"झरीला? तिथं कोण हाय आपलं?"

तो माझ्याकडं बघून हसला. वहिनी घरात असताना हसायचा तसा.

"हाक मारायलीय," तो म्हणाला.

मायला काही कळलं नाही. तिनं त्याला भाकरी बांधून दिली. मी दाराला कडी घातली आणि उंबऱ्यात बसले. सकाळपासून इथंच बसलेय. तो आत खाटेवर शर्ट घालून बसलाय. भांडत नाही, ओरडत नाही, नुसती वाट बघतोय. तिकडं एका ओट्यावर पंचफुला वाट बघतेय. तिची लेकरं मात्र कोणाकडं बघतील?

या पानावर हजारो लोक वाचतात. तुमच्यातलं कोणी देवऋषी असेल, कोणी माझ्यासारखं डेटाबेसचं काम करणारं असेल. मी हात जोडते. लिहून, पुसून, सगळं करून बघितलं. एकदा भरलेली जागा खरोखर रिकामी कशी करायची, ते कोणाला माहीत असेल तर मला सांगा.

जल्दी सांगा. आत दादा खाटेवरून उठलाय.